उभं झाड बघणारा सुतार

लोकं म्हणायची, गुंडा सुतार पोरीला स्थळ बघावं तसं झाड बघतोय. हसण्यावारी न्यायची. पण खरंच हुतं ते, मी डोळ्यानं बघितलंय. मी सयाजी, त्याचा करवतीचा जोडीदार.

आमचा खड्डा औंधाखाली, यमाईचा डोंगर दिसतोय त्या वाटंला. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एक गडी वर, एक खाली, मधी मोठी करवत. गुंडा वर, मी खाली. त्याच्या वाट्याला वारा आन माझ्या वाट्याला भुसा. ह्यापायी मी त्याला लय शिव्या घातल्यात. त्यो हसायचा आन म्हणायचा, "रेघ तुला धरता येती का? मग ये की वर." मला येत न्हवती. म्हणून गप बसायचो.

माल सांगलीच्या नानासोचा. त्याचं फर्निचरचं दुकान हुतं, हळदीच्या पेठेतली मंडळी त्याच्याकडनं पलंग, कपाटं न्यायची. घाटाकडच्या रानातनं त्याचा ट्रक ओंडकं घेऊन निघायचा, आमच्याकडं उतरवायचा, आन आमी घडवलेला माल पुढं सांगलीला. पण ट्रक भरायच्या आधी एक काम असायचं. गुंडानं जाऊन झाड बघायचं. उभं असताना.

एसटीनं जायाचं, मग चालत. झाडाभवती फिरायचं, बुंध्याला हात लावायचा, वर घरटं हाय का बघायचं. शेजारी त्याच जातीचं दुसरं झाड नसलं तर न्हाई म्हणायचा. "हे ग्येलं की हितं बी कोण टाकणार, तुजा बा?" असं झाडाच्या मालकाला तोंडावर. आन व्हय म्हणला तर मालकाकडनं बोली घ्यायचा, बुडख्याला शेणमाती लावीन, काट्या घालीन, फुटवा शेरडाच्या तोंडी देणार न्हाई. मग कुऱ्हाड.

नानासो वैतागायचा. "अरं, झाडावर फॉरेस्टचा हातोडा बसलाय. सरकारची परवानगी हाय. तुला आनि काय पायजे?"

"हातोडा तुमी बघा," गुंडा म्हणायचा. "मला बुडखा बघू द्या."

वरच्या गावांना हे ठावं झालं हुतं. नानासोची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली तरी मालक इचारायचा, सुतार येऊन ग्येला का? न्हाई? मग बसा झाडाखाली, पानतंबाखू खावा. गुंडा आल्याबिगर झाड पडत न्हवतं.

त्याची बायको रंगूबाई, माहेर जावळी खोऱ्यातलं. पहिलं बाळंतपण रीतीनं माहेरी झालं. पोरगा झाला, बाळासो. नाळ परसात पुरली. बारशाला गुंडा ग्येला तवा त्या जागेवर त्यानं शिसवीचं रोप लावलं. पाळण्यासाठनं लोहाराकडनं लोखंडाच्या पिळाच्या दोन कड्या करून घेतल्या हुत्या, एक आपल्या घराला, एक माहेरच्या. पाळणा सुटला तशी एक कडी गुंडाच्या घरात आढ्याला ऱ्हायली, दुसरी माहेरी. पोरगं सुट्टीला मामाकडं जायला लागलं तवा मामानं, आकारामनं, ती कडी शिसवीच्या बुंध्यात ठोकली आन तिच्यात दोर ववून पलीकडच्या आंब्याला दुसरं टोक बांधून झोका केला. पुढं झाड वाढलं, सालीनं कडी गिळून टाकली. पोरगं बी वाढलं, आन मिलिटरीत ग्येलं.

एकाहत्तर सालच्या लढाईत ग्येला त्यो. डिसेंबरात. देह आला न्हाई, अग्नी तिकडंच दिला. आली ती काळी ट्रंक. गावात कुणाचं बी मयत झालं तर लाकूड गुंडाच्या खड्ड्यावरनं जायाचं, फुकट, ही त्याची रीत. आन स्वतःच्या पोराला एक ढलपी देता आली न्हाई त्याला.

रंगूबाई रडरड रडली आन मग डोळं पुसून म्हणली, "माज्या माहेरात त्येचं झाड हाय. तेवढं उभं हाय." त्या चैताला ती ग्येली, झाडाला पाठ लावून बसून आली. आल्यावर दोन घास नीट जेवली. दरसाल जायाचं म्हणली. तिच्यासाठनं तेवढं झाड म्हंजीच पोरगं हुतं, आमी सगळी जाणून हुतो.

गुंडा रडला न्हाई. करवतीवर उभा ऱ्हायला. मी खालनं काय बी बोललो की वरनं एकच शब्द यायचा, "वढ." शिवी दिली तरी "वढ." हसला न्हाई, चिडला न्हाई. जेवायचा, पण काय जेवला इचारलं तर सांगता यायचं न्हाई. येकदा पटाशीनं बोट कापलं, रक्त फळीवर सांडलं, आन ह्यो त्याच्यावरनंच रंधा मारत बसला. मी बोट बांधलं तवा माझ्याकडं असा बघितला की बोट कुणा दुसऱ्याचंच हाय.

नानासोचा निरोप आला, झाडं बघायला चल. गुंडा म्हणला, "तुमीच बघा. आन पाठवा."

नानासोला काय, आयतंच घावलं. तवापास्नं ट्रक यायचा, ओंडकं उतरायचं. कुठल्या गावचं, कुणाच्या रानातलं, गुंडा तोंडातनं ब्र काढायचा न्हाई. माझं टाळकं सरकलं. म्हणलं, "गड्या, मेलास काय रं जित्तेपणी? लोकं तुज्या नावानं झाड राखत्यात. बघून तरी ये."

"बघून काय हुतंय?" त्यो म्हणला. "बघितल्यालं ऱ्हातंय व्हय?"

मी खड्ड्यात उतरलो.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळानं सगळं करपलेलं. रंगूबाईनं माहेरी जायाची पिशवी भरून ठेवली हुती, यमाईची ओटी भरली की निघणार. त्या सकाळी आमी शिसवीचा एक ओंडका चढवला. चांगला सरळ, आतनं काळाभोर निघाला. निम्मा चिरला आसंल. येकदम करवत कचकन थांबली, दोन दात तुटून माझ्या पायाशी पडलं.

"लोखंड हाय आत," मी ओरडलो. "कुणी खिळा मारलाय भाड्यानं!"

गुंडानं पाचर ठोकून चीर उघडली आन पटाशीनं टोकरलं. हातात घेतलं, धोतराला पुसलं. मी वर आलो. पिळाची कडी हुती. अर्धी गंजल्याली, पण पीळ तसाच. आढ्याची कडी मी त्याच्या घरात हजारदा बघितली हुती. ही तिचीच जोडीदारीण.

गुंडा कडी धरून उभा ऱ्हायला. तेवढ्यात रंगूबाई भाकरी घेऊन आली. तिनं आधी कडी बघितली, मग ओंडका. भाकरीचं फडकं तिनं सावकाश खाली ठेवलं.

"आवं," ती म्हणली, "झाड बघायला तुमी ग्येला न्हवता?"

"न्हाई."

"कुणाच्यातलं हाय, हे बी इचारलं न्हाई?"

"न्हाई."

ती ओंडक्याजवळ ग्येली. चिरल्याल्या बाजूला पाठ लावून खाली बसली, जशी माहेरात बसायची तशी. मला बघवंना. मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी गुंडा आन मी जावळीला निघालो. मला आकारामचा असा राग आला हुता, वाटंत मी त्याला काय काय बोलायचं ते घोकत हुतो. भाच्याचं झाड इकतोस, लाज न्हाई? परसात बुडखा दिसला. त्याला फुटवं आलं हुतं, पण शेरडांनी ओरबाडून खाल्ल्यालं. शेणमाती न्हाई, काट्या न्हाईत.

आकाराम गोठ्यातनं आला. त्यानं गुंडाच्या पायाला हात लावला, आन मी तोंड उघडायच्या आत त्योच बोलला.

"दाजी, बैलं खुट्ट्यावर मरायला लागली हुती, वैरणीला पैसा न्हवता. नानासोची माणसं झाड मागायला आली. मी मनात म्हणलं, मागू द्या. दाजी बघायला येतीलच. आलं की न्हाई म्हणतील, आन माज्यावरचं वझं उतरंल." त्यानं बुडख्याकडं हात केला. "कुऱ्हाडवाली हितं झाडाखाली बसवून ठिवली हुती मी. रोज एसटीच्या टायमाला फाट्यावर जाऊन हुबा ऱ्हायचो. तुमी आला न्हाईसा. त्यास्नी इचारलं, सुताराला ठावं हाय का? म्हणली, त्यानंच पाठवा म्हणलंय. मग मला वाटलं, झाड हुबं असल्यालं तुमाला बघवत नसंल. तुमीच पाडा म्हणला असशीला."

मी बुडख्याशी आल्यालं शेरडू हाकललं.

गुंडा बुडख्याजवळ खाली बसला. आकारामला शेण मागितलं, माती मागितली. लिंपलं. मग बांधावरच्या बाभळीच्या काट्या आणल्या आन भवती रचायला लागला. हातातनं रक्त यायला लागलं तरी रचत ऱ्हायला. मी म्हणलं, दे हिकडं, मी रचतो. दिल्या न्हाईत.

सगळ्या काट्या लावून झाल्यावर त्यानं बुडख्याला हात लावला, आन मान वर करून बघितलं, जसं उभं झाड बघायचा तसं. वर काय न्हवतं, नुसतं ऊन.

"सयाजी," त्यो म्हणला, "त्यानं वाट बघितली. मी आलो न्हाई रं."