पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत

सकाळी चहाचा कप घेऊन मोबाईल उघडला, तर सूचनांच्या घंटीवर लाल ठिपका.

हौशी लेखकांच्या एका मराठी संकेतस्थळावर मी वाचक आहे, नुसतीच वाचक. तिथे कुणी भागाभागांनी कथा लिहिली की खाली आम्ही 'पुभाप्र' लिहितो, म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. 'मोरपंखी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाईंच्या बाराही भागांखाली माझं पुभाप्र आहे. त्यांच्या कथेतली सुमन आजारी आहे. शीर सापडेना म्हणून नर्सने तिच्या हातावर मारलेल्या चापट्या वाचताना माझाच हात हुळहुळला होता. तरीही बाराव्या भागाखाली मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, "सुमनला आता जाऊ द्या. वाचवलंत तर कथा पडेल."

त्यांचं उत्तर आलं, "बघते हं. माझ्या हातात असतं तर!"

मी त्यावर हसरा चेहरा टाकला.

मग महिनाभर काहीच नाही. त्या शांततेत पहिल्यांदा मनात आलं, चापट्यांचं असं कुणाला बसल्या जागी सुचतं का? जिचं गाव, चेहरा, खरं नाव मला ठाऊक नाही, अशा बाईच्या उशाशी बसून मी शेवट सुचवत होते की काय? वाचकाला वाटतं, आपण काठावर आहोत, आपले पाय कोरडे आहेत.

लाल ठिपका दाबला. 'मोरपंखी: भाग तेरावा (अंतिम)'.

चहावर साय धरली आहे. बोट पडद्यावर तसंच अधांतरी आहे. आज पहिल्यांदाच मला पुढचा भाग नको आहे.