आवाज बंद, चपला बाहेर

जगातल्या सगळ्या देवांना एका खोलीत, पंखा एकावर ठेवून, दोन दोन तास गप्प बसवणारी बाई मी एकच पाहिली आहे, आणि ती माझी नणंद आहे. लोकांना जन्मभर देवळात, मशिदीत आणि चर्चमध्ये जाऊन जे दिसत नाही, ते वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर टांगलेल्या चादरीवर दिसतं, असं तिचं म्हणणं. यावर कोणी वाद घालायला आलंच, तर ती त्याला आधी चपला बाहेर काढायला सांगते. सिनेमा सुरू असलेल्या खोलीत पायात चप्पल तिला चालत नाही. समोर कोणाचा देव येईल याचा काय भरवसा, म्हणते.

ही नणंद, म्हणजे अक्का, तंजावरची. त्या घरात मी साताऱ्याहून लग्न होऊन आले. ती मुलींच्या कॉलेजात जगातले धर्म हा विषय शिकवायची, आणि त्याच कॉलेजात मी इतिहास शिकवायचे. धर्मांचं जाडजूड पुस्तक तिने डुगडुगणाऱ्या टीव्हीच्या टेबलाखाली सरकवलं होतं आणि शिकवायला सिनेमे लावायची, तेही आवाज बंद करून. माणसं काय बोलतात ते ऐकू लागलं की ती काय करतात ते दिसत नाही, म्हणून फक्त हात आणि पाय बघायचे. कोण वाकतं, कोण धुतं, कोण शेवटी जेवतं. मुलीच्या घरी जो धर्म असेल त्याचा सिनेमा तिच्या वाट्याला कधीच नाही. आणि गृहपाठ असा, की घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भाषेत सिनेमा सांगायचा आणि वहीवर त्याची सही आणायची. एका मुलीच्या तमिळ आजीने भांडी घासणाऱ्या जपानी भिक्खूबद्दल ‘हा पाणी फार वापरतो’ असा शेरा मारून सही केली. अक्काने पैकीच्या पैकी गुण दिले, मुलीला नव्हे, आजीला.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि आपलं काही चुकू शकतं ही शंका मला अजून आलेली नव्हती. खळ घातलेली साडी, खांद्यावर दोन पिना, आणि चेहरा असा की सगळा मराठ्यांचा इतिहास माझ्याच परवानगीने घडला. मुलगी कॉलेजात सिनेमे बघते अशी एका वडिलांची तक्रार आली, तेव्हा चौकशीला कोण बसेल असं प्राचार्यांनी विचारायच्या आत मी हात वर केला.

मी वर्गात जाऊन बसले त्या दिवशीचा सिनेमा एका विधवेचा होता. रोजा धरलेली ती बाई अख्ख्या गल्लीसाठी पातेलंभर शिजवते. उपास, म्हणून चव घेता येत नाही. मिठाची चिमूट उचलते, थांबते, त्यातलं थोडं परत बरणीत टाकते. संध्याकाळी सगळे जेवायला बसतात आणि कोणीही मीठ मागत नाही. ती एका कोपऱ्यात खजूर घेऊन बसते. बस, इतकंच. साताऱ्याला माझी आई श्राद्धाचा स्वयंपाक अशीच करायची. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, म्हणून मिठाचा सगळा अंदाज बोटांत.

मी चार पानी अहवाल लिहिला. ‘वर्गात चार विद्यार्थिनी रडल्या. ही बाब शिस्तीस बाधक आहे.’ अक्काने तो स्वयंपाकघरात नारळ खवता खवता वाचला आणि म्हणाली, “चार नाही, पाच. मागच्या बाकावरची तू मोजलीच नाहीस.”

मागच्या बाकावर मी होते. शिक्षकांना मोजत नाहीत, असं मी सांगितलं.

“सरि, ठीक,” ती म्हणाली. “मग दे तसाच.”

दिला. वर्ग बंद झाला. अक्काने प्राचार्यांना एवढंच सांगितलं, की वर्ग तुमच्या वेळापत्रकातून गेला, माझ्या शनिवारातून नाही. पुढच्या शनिवारी त्या चार रडक्या मुली आमच्या दारात चपला काढत होत्या. मी त्यांना कॉफी करून द्यायचे आणि तत्त्व म्हणून पडद्याकडे बघायचे नाही. स्वयंपाकघराचं दार मात्र का कोण जाणे, नेहमी अर्धं उघडं राहायचं.

तो वर्ग अजून चालतो. आता शहराच्या दुसऱ्या भागांतून, वेलचेरी, शोळिंगनल्लूरहून आयटीतली पोरं येतात. पुण्या-नागपूरच्या पोरांची आजी इथे कुठली, म्हणून ती व्हिडिओ कॉलवर सिनेमा सांगतात आणि सहीचा फोटो आणतात. गेल्या महिन्यात इमारतीच्या असोसिएशनने सभा बोलावली. सेक्रेटरी म्हणाले, शनिवारी परक्या प्रार्थनांचे आवाज येतात, तेव्हा यापुढे बाहेरच्या मुलांना गेटमधून आत सोडायचं नाही. म्हणजे वर्ग संपलाच. अक्का म्हणाली, आवाज बंद असतो, तर यांना ऐकू काय येतं? सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण तक्रारीच्या बाजूने बोलण्याचा अनुभव घरात मलाच होता.

मी उभी राहिले. ट्रंकेतून शोधून आणलेल्या त्या अहवालाच्या कार्बन प्रतीची चारही पानं मोठ्याने वाचली. मग म्हटलं, “यात एक खोटं आहे. रडणाऱ्या पाच होत्या, पाचवी मी. एक वर्ग मी बंद पाडलाय, दुसरा पाडू देणार नाही. शनिवारी तीन वाजता स्वतः येऊन बसा. काय ऐकू येतं ते आईला सांगा, तिची सही आणा, आणि मग लावा गेट.”

सेक्रेटरी आले, चपला काढून बसले, शेवटी स्पीकर बिघडलाय का म्हणून विचारून गेले. त्यांच्या आईची सही अजून आलेली नाही. तोवर गेट उघडं आहे.

अक्काला आता दिसत नाही. आवाज लावू या, निदान ऐकू तरी येईल, असं मी सुचवून पाहिलं. नियम म्हणजे नियम, म्हणाली. म्हणून मी शेजारी बसून तिच्या कानात सांगते. गेल्या शनिवारी तिने त्या विधवेचाच सिनेमा लावायला लावला. मी सांगत गेले, हात सांगितले, पाय सांगितले.

“मिठाचं सांग.”

“चिमूट घेतली. थांबली. थोडं परत टाकलं.”

“किती?”

“आई टाकायची तेवढं.”

तिने चाचपडत माझ्याकडून पेन मागितलं. घरात सगळ्यांत म्हातारी आता तीच. मी वहीच्या जागी अहवालाचं शेवटचं पान उजव्या हातावर धरलं आणि तिने सही केली. सही वाकडी होत होत कागदाबाहेर गेली, शेवटची दोन अक्षरं माझ्या तळहातावर उमटली. दोन दिवस मी भांडी डाव्या हाताने घासली.