मायलेज किती देयलीय?

बिदरच्या शोरूममध्ये मी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला बसतो. ब्रेक, क्लच, एसी यांची तक्रार कधीतरी. मायलेजची मात्र रोज! रात्री घरी जेवताना बायकोला एक किस्सा सांगून संपतो न संपतो, सकाळी दुसरा दारात उभा.

औरादचे शिवराजअण्णा तापूनच आले. "कंपनी म्हणती चोवीस, मला सतराच देयलीय. फसवलात!"

म्हटलं, चला, हुमनाबादपर्यंत जाऊन येऊ, मी चालवतो. एसी बंद, पाय हलका. बावीस मिळाले!

अण्णांनी उतरून बॉनेटवर थाप मारली. मग म्हणाले, "गाडी चांगली हाय. पण कंपनीनं तिच्यासंगं तुमालाबी द्यायला पाहिजे होतं की!"

मग कंपनीचा आकडा येतो कुठून? आमचे मेकॅनिक महेबूबभाई येईल त्याला सांगतात, "अण्णा, वो टेस्टची गाडी बंद खोलीत रोलरवर पळती. तिथं ना वारा, ना खड्डा, ना म्हैस!"

एका शेतकऱ्याची गाडी मागून दबलेली दिसली. मी विचारलं, "डिकीत काय हाय?"

"काय न्हाई, तुरीची पोती."

"उतरवली कामून न्हाईत?"

"भाव यायचाय की!"

चिटगुप्प्याचे किराणा दुकानदार संगप्पा भाच्याच्या लग्नाला कलबुर्गीला निघाले. मायलेजसाठी इतके हळू, की ट्रॅक्टरसुद्धा पुढं निघून गेला म्हणे. दुसऱ्या दिवशी फोन, आवाजात नुसता आनंद! "साहेब, कंपनीपेक्षा जास्त आलं!"

"आणि लग्न?"

"ते झालतं. आमी जेवायला पोचलो!"

आणि वीरभद्रप्पा. बिदरजवळच्याच कोळारच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर हौसेनं गाडी घेतलेली. "टाकी फुल करतो, दुपारी झोपतो, उठून बघतो तर काटा खाली! सीटबी आपोआप पुढं सरकायलीय."

आम्ही गाडी वर उचलून पाहिली. गळती कुठंच नाही. अप्पांच्या मागं त्यांच्या पत्नी, पार्वतीअक्का, उभ्या होत्या. माझ्याकडं डोळे वटारून बघत.

"अप्पा," मी म्हटलं, "उन्हाळ्यात होतं असं."

पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी आली ती अक्काच चालवत! अप्पा बाजूच्या दारानं उतरले. घाम फुटलेला, पण चेहरा फुललेला. "हायवेला बावीस दिली हो! माझ्या हातात अठराच्या वर कधी गेली न्हाई."

"मग आता तक्रार न्हाई?"

"न्हाई की." अप्पांनी आवाज खाली आणला. "फक्त समोरून टँकर आला, की मी डोळे मिटून घेतो."