मानेवरचा पेट्रोलचा थेंब

मी घरी विमान बांधलं होतं, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, उडालं का? या प्रश्नाचा मला आजही राग येतो. म्हणून एकदा सगळंच सांगून टाकतो.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी शिरूरला आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवायचो आणि न्हावऱ्यात राहायचो. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षं खपून एका माणसापुरतं विमान जोडलं होतं. ॲल्युमिनियमचे पाइप, कापडाचे पंख, सेकंडहँड इंजिन. बेत काही मोठा नव्हता. शेतात पळवायचं, पुरुषभर उचलायचं आणि परत खाली ठेवायचं. परवानगी वगैरे काढायला हवी होती, ती काढली नव्हती. खोटं कशाला बोलू?

पळवायला रान हवं होतं. विजेच्या तारा नाहीत, मध्ये बांध नाही, असं सरळ तीनशे पावलांचं रान सगळ्या शिवारात एकच होतं आणि ते माझ्या चुलत्यांचं, आप्पांचं. हरभरा निघाल्यावर त्यांनी ते मला फळी मारून सपाट करू दिलं. अट एवढीच होती.

"कालव्याला पाणी सुटंस्तवर रान तुझं," आप्पा म्हणाले. "पाणी सुटलं का मी रान भिजवणार, नांगरणार आन् ऊस लावणार. मग लागण, खोडवं, निडवं. तीन वर्सं इकडं बघायचं न्हाई."

म्हणजे पाणी सुटायच्या आत उडलो तर उडलो. माझ्या दृष्टीनं वेळ भरपूर होता. इंजिन चालत होतं, पंखांचं कापड ताणून झालं होतं. आणि मग टाकी गळायला लागली.

टाकी पंखाखाली, बसणाऱ्याच्या डोक्यावर होती. पेट्रोल आपोआप उतरून इंजिनात जावं, अशी सोय. मी सीटवर बसून विमान वर-खाली करायचा दांडा हलवून बघत होतो, तेवढ्यात मानेवर गार थेंब पडला. वर बोट फिरवलं तर टाकीचा खालचा सांधा ओला. चार वर्षांचं काम, आणि डोक्यावर पेट्रोल ठिबकतंय! मी पान्हा फेकून दिला, तो गोठ्यातल्या म्हशीच्या पुढ्यात जाऊन पडला.

टाकी केली होती दौंडच्या एका चाचांनी. डेअरीचे दुधाचे कॅन दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. गॅसवर ॲल्युमिनियमचा पत्रा सांधावा तर त्यांनीच. टाकी सोडवली, रिकामी केली आणि मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरनं दोन मिनिटांत खाली उतरवलं.

"रिकामी आहे हो," मी म्हणालो.

"रिकामी हाय, तर मग वास काय तुमच्या जेवणाच्या डब्याचा येतोय व्हय?"

शेवटी मोटारसायकलवर कॅरियरला बांधून नेली. चाचांनी सोड्याच्या पाण्यानं टाकी तीनदा धुतली, तोंडाशी नाक नेऊन वास घेतला, मग पाणी भरूनच गॅस पेटवला. सांधा पुन्हा एकदा पक्का केला. पेट्रोल बाहेर पडायच्या भोकाला लाकडी बूच मारलं, सायकलच्या पंपानं हवा भरली आणि टाकी हौदात बुडवली. एक बुडबुडा आला नाही.

घरी आणून बसवली, पेट्रोल भरलं. दिवसभर कोरडी ठाक. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर ओला डाग.

पुन्हा दौंड. चाचांनी पुन्हा बुडवली, पुन्हा बुडबुडा नाही. "मास्तर, हिच्यात काय दोष दिसत न्हाई," ते म्हणाले. मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. "दुधाचा कॅन नाही हा चाचा, माणूस बसणार आहे खाली," असं चार गिऱ्हाइकांसमोर बोललो. त्यांनी सगळा सांधा नव्यानं जोडून दिला. त्यात चार दिवस गेले. आणून बसवली. एक दिवस कोरडी, दुसऱ्या दिवशी टपटप.

दरम्यान कालव्याला पाणी सुटलं होतं. मला वाटलं, संपलं. पण आप्पांच्या रानात पाणी काही शिरलं नाही. त्यांनी आपली पाण्याची पाळी शेजाऱ्याला देऊन टाकली होती. ते मला बोलले नाहीत, चुलतीनं सांगितलं आणि वर म्हणाली, "फुडल्या पाळीला त्यांला थांबवू नगंस बाबा." पुढची पाळी पंधरा-वीस दिवसांवर होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त चाचांचा राग येत होता.

तिसऱ्यांदा गेलो ते भांडायलाच. चाचांनी टाकी घेतली, लाकडी बूच मारलं आणि माझ्याकडूनच पेट्रोल आणवून गळ्यापर्यंत भरलं. खाली जुना पेपर अंथरला. "दोन दिस हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले. दोन दिवसांनी मी गेलो तेव्हा पेपरवर ठिपकासुद्धा नव्हता.

"टाकी गळत न्हाई, मास्तर. घरी तुम्ही हिला काय लावता, ते घेऊन या."

मी लावत होतो पेट्रोल चालू-बंद करायचा पितळी कॉक, आणि कॉकखाली वायसर, म्हणजे रबराची चकती. तो वायसर मी स्वतः कापला होता, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीला, पाइपाला, जिथं म्हणून गळतं तिथं ट्यूबचा तुकडा कापून घालतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. हाताला इतकी सवय की विचारसुद्धा केला नाही. पण ते सगळं पाण्याचं. पेट्रोलमध्ये तेच रबर रात्रभर भिजून फुगायचं, मऊ पडायचं आणि कॉक ढिला व्हायचा. तिथून पेट्रोल सांध्याच्या कडेकडेनं सरकत मधोमध येऊन ठिबकायचं. मी घरी जाऊन काढून ठेवलेला कॉक बघितला तर वायसर भिजलेल्या मनुक्यासारखा हातात आला.

आयटीआयमध्ये सांध्यात घालायच्या पॅकिंगचे प्रकार मी शिकवायचो. कशाला काय चालतं, काय चालत नाही, हे फळ्यावर लिहून द्यायचो. शेडमध्ये एकटा होतो म्हणून बरं, नाहीतर तोंड कुठं लपवलं असतं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा दौंडला जाऊन चाचांची माफी मागितली. "चालायचंच," एवढंच ते म्हणाले आणि जवळच्या गॅरेजमधून पेट्रोलला चालणारा वायसर मिळवून दिला. टाकी बसवली. दोन दिवस वाट पाहिली, तासातासाला जाऊन सीटवर हात फिरवला. कोरडी. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. मी विमान ढकलत शेडबाहेर काढलं आणि आधी पायी रान बघायला गेलो.

आप्पा रानात खोरं घेऊन दारं धरून, पाणी वळवत उभे होते. अर्ध्या धावपट्टीवर पाणी पसरलं होतं.

"आज?" मी ओरडलो. "आजच? एक दिवस थांबता आलं नाही तुम्हाला?"

"पाळी आज सकाळी आली," आप्पा म्हणाले. "काल तुज्या शेडवर दोनदा माणूस धाडला. तू टाकीखाली बसला हुतास, म्हणं, आन् त्याच्यावर खेकसलास."

खेकसलो होतो. काय काम आहे, तेही विचारलं नव्हतं.

"एक पाळी सोडली म्या," ते म्हणाले. "हीबी सोडली तर लागणीचा हंगाम जातोय. वरचं अर्धं रान अजून कोरडं हाय. तेवढ्यात बसतंय का तुजं? बसत आसंल तर बंद करतो पाणी."

मी कोरड्या भागातून चालत गेलो. एकशे चाळीस पावलं भरली. परत मोजली. विमानाला दोनशे तरी हवी होती, आणि पुढं चिखल. आप्पा खोरं टेकवून माझ्याकडे बघत होते. पाणी त्यांनी तेवढ्यात खरंच दुसरीकडे वळवलं होतं, शेजाऱ्याच्या रानात. स्वतःच्या पाळीचं पाणी, माझं मोजून होईपर्यंत.

"नाही बसत, आप्पा," मी म्हणालो.

मी चपला बांधावर काढल्या, त्यांच्या हातातलं खोरं घेतलं आणि दारं फोडून पाणी कोरड्या रानात सोडलं. दुपारपर्यंत मी माझी धावपट्टी स्वतःच्या हातानं भिजवून काढली.