बाबांचा कोयता आणि काकांची केळी

त्या दुपारी बाबांनी काकांची सगळी केळी कापून टाकली. लोंगर, म्हणजे घड, धरलेली झाडंसुद्धा सोडली नाहीत. मी सातिवलीच्या कारखान्यातून परत आले तेव्हा आगाशीच्या आमच्या वाडीत आई कुंपणाला धरून ओरडत होती, आणि पलीकडे बाबा एकेका बुंध्यावर कोयता घालत होते. तोंडाने शिव्या चालूच. सख्ख्या भावाला द्याव्यात अशा नव्हेत.

कारण काय, तर आमची केळी मरत होती. पानं पिवळी होऊन बुंध्याला लोंबायची, मग अख्खं झाड उभ्या उभ्या वाळायचं. काकांची मात्र हिरवीगार. बाबांच्या डोक्यात एकच बसलं, भावाने मुळांत मीठ टाकलं. वाटणीपासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यामुळे पुरावा कोणाला हवा होता?

मला हवा होता. कारखान्याच्या लॅबमध्ये कामासाठी मी एक चॅटबॉट स्वतःच्या सोयीने लावून घेतलाय. संशोधनाचे पेपर शोधायचे, मराठीत समजवायचे, आणि नसेल माहीत तर तसं सरळ सांगायचं, अशी त्याला तंबीच दिलीय. आठवडाभर मी त्याच्याशी केळीवरून भांडत होते. आमची माती, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं पाणी, झाडांचे फोटो, सगळं त्याला दिलं होतं. मीठच असेल, असं मी दहादा म्हटलं. तो ऐकेना. खारेपणाने पानांच्या कडा करपतात, म्हणाला; बुंधा आडवा कापून आत बघा. कापला, तर आत तपकिरी कडं. पेपरांत लिहिलेला मर रोग तो हाच दिसतो, पण खात्रीला प्रयोगशाळेत तपासून घ्या, असं त्याने सांगितलं. तपासून घेतलं. तोच निघाला.

मोबाईलवर तो निकाल घेऊन मी त्या दुपारी घरी येत होते. बाबांना दाखवणार होते की बघा, काकांनी काही केलेलं नाही.

"बाबा, थांबा! मीठ नाहीये ते, रोग आहे!"

"तुझं ते मशीन सांगणार मला? बाजूला हो, नाहीतर तुलाही कापीन."

खरंच कापलं असतं. डोळे लाल झाले होते.

एवढ्यात काका पहार घेऊन धावत आले. पहिला घाव बाबांच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कोयता पडला. दुसरा खांद्यावर. बाबांनी डाव्या हाताने काकांचं नरडं धरलं आणि दोघे कापलेल्या केळींत लोळले, एकमेकांना चावत, बोचकारत. चिकात आणि रक्तात कोण कुठला ते कळेना. आईने आणि मी पाय धरून ओढलं तेव्हा सुटले.

इस्पितळात बाबांच्या हाताला प्लास्टर चढत असताना बाहेर बाकावर बसून मी पुन्हा चॅटबॉट उघडला. सुचत नव्हतं काही, म्हणून जे झालं ते सगळं लिहिलं. त्याने उलट विचारलं, काकांची झाडं कापायच्या आधी त्या कोयत्याने काय कापलं होतं?

अरे देवा! सकाळभर बाबा आमचीच मेलेली केळी तोडत होते. आणि आमच्याकडे कोयता कोणी धूत नाही. चिकाने पातं काळं पडलं की पुढच्या बुंध्यावर पुसायचं, झालं. मी पेपर काढायला लावले, त्याचं म्हणणं त्यालाच खोडून काढायला लावलं, रडत रडत त्याच्याशी वाद घातला. रोग हत्यारावरून, पायाच्या मातीवरूनही जातो आणि एकदा शिरला की जमिनीत वर्षानुवर्षं राहतो, यावर तो हलला नाही. काकांची चांगली वाडी बाबांनी आपल्या हाताने मारली होती.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. ते वाकून नवीन मुनवे, म्हणजे केळीची पिल्लं, लावत होते, मानेवर बाबांची नखं उठलेली.

"काका, इथे आता केळ लावू नका. जगणार नाही."

ते ताठ उभे राहिले. "बापाने धमकी द्यायला पाठवलं तुला?"

"नाही हो काका, रोग आहे तो. आमच्याकडून आलाय, कोयत्यावरून. पेपर दाखवते तुम्हाला."

त्यांनी माझा मोबाईल हिसकावून चिखलात फेकला. "पाया पडते तुमच्या," मी म्हटलं. त्यांनी एक मुनवा उचलला, माझ्यासमोर खड्ड्यात ठेवला आणि टाचेने माती दाबली.

"सांग तुझ्या बापाला. यातलं एक जरी वाळलं, तर या खेपेला हात नाही, मुंडकं."

प्लास्टरमधला हात गळ्यात घालून बाबा आता ओट्यावर बसतात. मी रोज कुंपणाशी जाते आणि काकांची केळी जगावीत म्हणून देवाला हात जोडते. ती जगणार नाहीत.