एकमताने मंजूर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार खानविलकर गुरुजींचे. लांज्याच्या शाळेत त्यांनी मला शिकवलं, कॉलेजचा फॉर्म स्वतः बसून भरून दिला, म्हणून आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी झालो. पण ज्या दुपारी मला त्यांची खरी गरज पडली, तेव्हा ते लांज्याला होते आणि मी विक्रोळीच्या टेकडीवरच्या एका वस्तीत, सावंतकाकींच्या दारात, हातात चहाचा कप घेऊन बसलो होतो.

चहा एकच कप होता.

"काकी, तुमचा?"

"चार वाजान गेले. आता सकाळपर्यंत चहा नाय, पाणी नाय."

"उपास?"

"उपास कसलो रे झिला! संध्याकाळी पाणी पिलंय तर रात्री जावचा खंय? त्या काळोखात?"

वस्तीचे संडास टेकडीच्या मागच्या अंगाला होते. तिथे जायच्या वाटेवर एकही दिवा नव्हता. वाटेत टवाळ पोरं बसायची. आजूबाजूच्या बायकांचंही हेच, असं काकी म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला. याच वस्तीचा रिपोर्ट मी आदल्या दिवशी ऑफिसात देऊन आलो होतो. एका फॉर्मवर काकींची सही राहिली, तेवढ्यासाठी परत आलो होतो.

१९८०च्या दशकातली ही गोष्ट. मी अंधेरीच्या एका संस्थेत इव्हॅल्युएशनचं काम करायचो. म्हणजे, एखाद्या वस्तीत सुधारणेचा कार्यक्रम चालला असेल तर त्याचा लोकांना खरंच उपयोग होतो का, ते बघायचं. या वस्तीत सुरक्षेसाठी पंधरा जणांची समिती होती, काकीही तिच्यात होत्या. तिला तीन दिवे मिळणार होते. कुठे लावायचे ते समितीने ठरवायचं. समितीने ठरवलं: तिन्ही दिवे वस्तीतल्या मंडळाच्या ऑफिससमोरच्या चौकात. फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'निर्णय कसा झाला?' मी लिहिलं, 'एकमताने', आणि दहापैकी दहा मार्क दिले. आमच्या गावात पंचायत बिनविरोध आली की पेढे वाटतात. मला वाटलं, लोकशाही ती हीच.

"काकी, हात तर तुम्हीही वर केला होतात."

"शिर्केभाऊ समोर बसलेले. नळाच्या पाळ्या त्यांच्या हातात. मी हात खाली ठेवून सकाळी हंडो खंय लावू?"

शिर्केभाऊ म्हणजे समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. कोणाच्याही आजारपणाला धावणारा. फक्त त्यांना 'नाही' म्हणायची कोणाला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी ऑफिसात माझे वरिष्ठ कर्णिकसाहेब यांच्यापुढे उभा राहिलो.

"साहेब, विक्रोळीचा रिपोर्ट चुकलाय."

"कोणी चुकवला?"

"मीच."

"वाट लागली! अरे, प्रती काढायचं स्टेन्सिल टाइप करून, कापून झालंय. सोमवारी खांबांचे खड्डे खणायला माणसं येणार. पंधराच्या पंधरा हात वर होते ना?"

"होते. पण हात खाली ठेवायची सोय होती का, ते मी विचारलंच नाही."

"प्रोबेशनवर आहेस ना रे तू?"

"हो साहेब."

प्रोबेशन म्हणजे नोकरी पक्की व्हायच्या आधीचा काळ. एका कागदावर घरी पाठवता येतं. तरी मी एवढंच म्हणालो, "साहेब, त्या बायका चार वाजल्यानंतर पाणी पीत नाहीत."

साहेबांनी चष्मा काढला. पुसून परत घातला.

"रविवारी परत मीटिंग घे. पण चिठ्ठ्या कशा टाकणार? निम्म्यांना लिहिता येत नाही."

"आमच्या गुरुजींची एक पद्धत आहे, साहेब."

शाळेत आमचा मॉनिटर आधी हात वर करून निवडत. दर वेळी सरपंचांचा मुलगा एकमताने यायचा. मग गुरुजींनी सगळ्यांना बाकावर डोकं टेकून डोळे मिटायला लावले आणि मग हात वर करायला सांगितलं. त्या वर्षी मॉनिटर मी झालो. हे सगळं ठाऊक असूनही मी एकमताला भुललो होतो.

रविवारी सकाळी बालवाडीत पंधरा जण जमले. मी सांगितलं, "सगळ्यांनी माना खाली, डोळे बंद. हात मी आणि बालवाडीच्या बाई मोजू."

"काय हो, शाळा आहे काय ही?" शिर्केभाऊ हसले.

"भाऊ, तुम्ही पण घाला डोकं खाली, नायतर छडी बसेल!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. भाऊंनीही मान खाली घातली.

दिवे चौकात हवेत? चार हात. संडासाच्या वाटेवर? हळूहळू एकेक हात वर आला. आम्ही दोनदा मोजले. अकरा.

आकडा ऐकून भाऊंचा चेहरा उतरला. "अकरा? मग आधी कोणी बोललं का नाही मला?"

"आता बोललंव नाय?" सावंतकाकी म्हणाल्या.

भाऊंनी मान डोलावली. ठराव खोडून नवा लिहिला गेला. सोमवारी खड्डे कुठे खणायचे, ते दाखवायला भाऊच सगळ्यांच्या पुढे होते. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला.

पुढे माझी नोकरी पक्की झाली. स्टेन्सिल मात्र साहेबांनी मलाच परत कापायला लावलं. तेव्हापासून कुठल्याही कागदावर 'एकमताने' दिसलं की मी आधी विचारतो, हात वर करताना समोर कोण बसलं होतं?

दिवे लागल्यावर मी लांज्याला पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप गुरुजींस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची माना खाली घालायची पद्धत इथे विक्रोळीत चालली. चार कोण आणि अकरा कोण, हे अध्यक्षांनी मला तीनदा विचारलं. मोजणाऱ्याने सांगायचं नसतं हे तुमच्याकडून शिकलो, म्हणून सांगितलं नाही. परवा दिवे लागले. काल पाच वाजता सावंतकाकींकडे गेलो होतो. त्यांनी चहाचे दोन कप भरले. दुसरा त्यांचा होता.

आपला जुना मॉनिटर"