बिरूच्या कॅसेटची कॉपी

आधीच सांगून टाकते, या सदरात येणारे गूढ अनुभव मी वाचते ते चहाबरोबर चिवडा खावा तसे. विश्वास म्हणाल तर शून्य. माझी सगळी नोकरी सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. लोकांचं रक्त काचेवर पसरायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं, शंका आली तर टेस्ट रिपीट करायची. रिपीट केल्यावर जे टिकतं ते खरं, बाकी सगळं मनाचे खेळ, असं मी ज्युनियर मुलींना सांगत आले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच थोडं हसू येतंय. पण लिहिते.

माझा मुलगा दर एक-दोन महिन्यांनी मोबाईलमधलं मेमरी कार्ड काढतो, कॉम्प्युटरला लावतो आणि सगळं उतरवून ठेवतो. बॅकअप. 'आई, कार्ड कधी जाईल सांगता येत नाही,' म्हणतो. आमच्या वेळी हे काम मी डबल डेकच्या टेपरेकॉर्डरवर करत होते... माझ्या भावाच्या आवाजासाठी. गोष्ट नव्वदनंतरच्या पाच-सहा वर्षांतली आहे.

माझं माहेर विट्याच्या पलीकडं, दुष्काळी पट्ट्यात. आम्ही धनगर. वडील होते तोवर मेंढरं होती, पुढं थोडी जिरायत जमीन. मी सातारला वसतिगृहात राहून शिकले, सांगलीत नोकरी लागली, इथंच लग्न झालं. माझ्या पाठचा एकच भाऊ, बिरू. वडील गेल्यावर मेंढरं त्यानंच सांभाळली. शाळेत त्याचं डोकं कधी चाललं नाही, पण पन्नास मेंढरांतली कुठली लंगडतेय हे तो लांबून सांगायचा. आणि मग एका वाईट उन्हाळ्यात आईनं मेंढरं विकली. बिरू बाजारला गेला होता तेव्हा व्यापाऱ्याला बोलावून विकली आणि पोराला गलाईवाल्यांबरोबर तामिळनाडूत धाडलं.

आमच्या भागातल्या वाचकांना गलाई सांगायला नको. इतरांसाठी सांगते... सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी तेजाबात आणि भट्टीत शुद्ध करून द्यायचं काम. आमच्याकडची घरंच्या घरं या कामासाठी देशभर पांगली आहेत. पैसा बरा मिळतो. तेजाबाचा धूर मात्र छातीत जातो.

मिरजेच्या स्टेशनवर मी त्याला सोडायला गेले होते. गाडी लागली तरी तो चढेना. शेवटी म्हणाला, "अक्का, आयनं माजी मेंढरं इकली. मला इचारलं बी न्हाई गं." मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच केलं तिनं." तो म्हणाला, "आसंल. पर मी हे इसरणार न्हाई. तिला सांगू नगंस." मी कधीच सांगितलं नाही, आईला नाही आणि ह्यांनाही नाही. हे लक्षात असू द्या.

आईला वाचता येत नव्हतं. पत्र आलं तर शेजारच्या कुणाला तरी वाचायला लावावं लागे आणि ते तिला सहन व्हायचं नाही. "माज्या ल्योकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडानं कशाला?" म्हणायची. गलाईच्या घरांमध्ये तेव्हा कॅसेटी पाठवायची पद्धत होतीच. बिरू एका बाजूला बोलायचा, येणाऱ्या माणसाबरोबर कॅसेट धाडायचा. आई ती ऐकायची, मग दुसऱ्या बाजूला आपलं बोलणं भरायची आणि जाणाऱ्याबरोबर परत द्यायची. टेपचं लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायचं, हे तिला माझ्यापेक्षा पक्कं येत होतं.

पण कॅसेट एकच! पुढच्या खेपेला बिरू आपल्याच जुन्या बोलण्यावर नवीन बोलायचा, आईही तेच करायची. मी वैतागायचे. "आय, नवी कॅसेट घे की, मी देते आणून." तर म्हणायची, "शेजारणीचं भांडं घरात आलं तर आपण काय करतो? त्यातच कायतरी घालून परत देतो. नवं भांडं देतो व्हय?" मी आपला डोक्यावर हात मारायचा.

म्हणून मी कॉपी करायला लागले. येणारा-जाणारा गलाईवाला मिरजेला गाडी बदलायचा, तेव्हा कॅसेट माझ्या घरी टेकूनच जायची. आमच्या ह्यांना टेपचं वेड होतं. डबल डेक त्यांनी हौसेनं घेतला होता. एका खणात बिरूची कॅसेट घालायची, दुसऱ्यात कोरी. बिरू "ठेवतो आता" म्हणाला की मी दोन्हीकडची बटणं बंद करायची. तेवढीच माझी बहीण म्हणून सेवा.

त्या वर्षी गणपतीच्या आसपास बिरूची कॅसेट आली. खोकत होता. मागं भट्टीच्या पंख्याची घरघर आणि मधेमधे हा खोकला. "आय, मी बरा हाय. हितं भाकरी मिळत न्हाई, भातच भात. खोकला जरासा हाय, घोर करू नगंस. अक्काला सांग, दिवाळीला ईन. ठेवतो आता." एवढंच. मी कोऱ्या कॅसेटवर कॉपी केली. त्या नव्या कॅसेटवरचं प्लॅस्टिक ह्यांनी माझ्यासमोर फोडलं होतं. मूळ कॅसेट गावी गेली.

काही आठवड्यांनी ती आईचं उत्तर भरून परत आली. जाणारा माणूस घरी ठेवून गेला, त्याचं मिरजेत काही काम होतं, दुसऱ्या दिवशी येऊन घेणार होता. मी आईची बाजू ऐकली. नेहमीचं सगळं होतं, पाऊस नाही, विहीर आटली... आणि मग बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं संपलं. तेवढ्यात आई एकदम हळू आवाजात म्हणाली, "बिरू, मी तुजी मेंढरं इकली. तुला न इचारता. तुजा माज्यावर राग हाय का रं? खरं सांग. माज्या जिवाला लय लागून ऱ्हायलंय."

इतकी वर्षं तिनं हे मनात ठेवलं होतं. मला रडूच आलं.

तो माणूस कॅसेट न्यायला आलाच नाही. त्याच्याआधी तार आली. बिरू गेला होता. ताप आणि छाती, एवढंच कळलं. अंतर इतकं की तिथल्या आपल्या माणसांनी तिकडेच सगळं उरकलं.

आईला मी सांगलीला आणलं. ती रडली नाही. घरात आल्यावर तिनं पहिला प्रश्न केला, "माजं बोलणं त्येला पोचलं व्हतं का?"

खोटं बोलायला हवं होतं का? अजून ठरवता येत नाही. कॅसेट समोर टेबलावर पडली होती, तिला दिसत होती. मी म्हटलं, "न्हाई आय."

त्यानंतर तिचं जेवण सुटल्यात जमा झालं. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. दहावा झाला, तेरावा झाला, नातेवाईक आले आणि गेले. ती भिंतीला टेकून बसायची आणि मधेच म्हणायची, "त्यो राग घिऊन गेला आसंल. कुणाला इचारू मी आता?" मी समजूत काढायची, अगं, बिरूच्या मनात काही नव्हतं. माझ्या तोंडून ते इतकं पोकळ यायचं, कारण मला खरं माहीत होतं. डोळ्यांसमोर ती वाळत चालली होती. लॅबमध्ये तिचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बघवेना. अशीच राहिली तर हिलाही आपण घालवणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

एका रविवारी दुपारी मी ठरवलं, निदान त्याचा आवाज तरी ऐकू दे. मूळ कॅसेट मी कपाटात ठेवली होती, ती झिजू नये म्हणून कॉपी लावली. हे तिथंच खुर्चीवर पेपर वाचत होते. बिरूचा खोकला, पंख्याची घरघर, भातच भात, दिवाळीला ईन. "ठेवतो आता." मग मी बटण बंद केल्याचा खटका. पुढं कोरी टेप. मी बंद करायला उठले तर आईनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. वाईच ऱ्हाऊ दे."

मी राहू दिलं. नुसती खरखर. आणि मग बिरू बोलला.

"आय... राग व्हता. लय व्हता. आता न्हाई."

बस. परत खरखर.

पंख्याची घरघर नव्हती, आणि खोकला नव्हता. बिरूचा आवाज पोरपणी होता तसा मोकळा होता. ह्यांचा पेपर खाली पडला. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. आई तेवढी शांत होती. जावयाला म्हणाली, "पावनं, लावा की परत."

ह्यांनी परत लावली. आवाज तिथंच होता. आणखी एकदा लावली, तरी तिथंच. माझ्या लॅबच्या भाषेत टेस्ट रिपीट झाली होती आणि रिझल्ट बदलला नव्हता. मग ह्यांनी कपाटातून मूळ कॅसेट काढली. "ठेवतो आता" नंतर ती बाजू शेवटपर्यंत ऐकली. जुन्या बोलण्याचे पुसट तुकडे, बाकी काही नाही. ते वाक्य कुठंच नाही. आता मला सांगा, कॉपीत मुळापेक्षा जास्त कसं येईल? आणि आईचा प्रश्न तर त्या कॉपीनंतरचा!

हे म्हणाले, "याची आत्ताच्या आत्ता कॉपी करायला पाहिजे. कुणीतरी जाणकाराला दाखवू." घरात कोरी कॅसेट नव्हती. कॉपीची टेप त्या वाक्याच्या आधी आणून ठेवली आणि चपला घालून सायकल काढून गेले.

तेवढ्यात आई म्हणाली, "आक्के, वाईच भाकरी टाक गं. भूक लागलीया."

इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच खायला मागितलं होतं. मी स्वयंपाकघरात पळालेच. पीठ मळलं, तवा टाकला. भाकरी थापायला घेतली. बाहेरून आईचं बोलणं कानावर येत होतं. मला वाटलं शेजारच्या काकू आल्या असतील. पहिली भाकरी फुगली, ती घेऊन मी बाहेर आले.

काकू नव्हत्या. आई टेपसमोर मांडी घालून बसली होती, तोंड अगदी जवळ नेऊन. दोन्ही बटणं दाबलेली होती. लाल दिवा लागला होता.

"...बरं केलंस बाबा सांगितलंस. मी चुकलेच रं. तितं भाकरी मिळत आसंल तर पोटभर खा. ठेवते आता."

मी ओरडले. ताट खाली टाकून धावले, बटण बंद केलं, टेप मागं घेतली, लावली. खोकला, घरघर, "ठेवतो आता", खटका... आणि त्याच्या पुढं थेट आईचा आवाज. बिरूचं ते वाक्य गेलं होतं. कॅसेट न उलटता तिनं बरोबर त्याच्यावर भरलं होतं.

"आय, आगं काय केलंस हे! त्याची दुसरी कॉपी नव्हती गं!"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की वेडी मीच. "त्येनं धाडलं, मी ऐकलं. मग त्येला रिकामं परत दिऊ व्हय? मी काय बोलायचंच न्हाई?"

तेवढ्यात हे दारात आले. हातात नवी कॅसेट होती, प्लॅस्टिकसकट. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं. त्यांनी ती कॅसेट कपाटावर ठेवून दिली.

आईनं मात्र खाली पडलेली भाकरी उचलली, झटकली आणि खाल्ली. आणखी एक मागितली. पुढं बरीच वर्षं जगली. बिरूचं नाव निघालं तर डोळ्याला पदर लावायची, पण तो प्रश्न तिनं परत कधी विचारला नाही. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? भावाचं शेवटचं बोलणं तिनं पुसलं याचा राग किती वर्षं गेला नाही. तिला हवं ते मिळालं आणि आमच्याकडं दाखवायला काही उरलं नाही.

ह्यांनी पुढं खूप तर्क लढवले. कॅसेट आधी वापरलेली असेल. टू-इन-वन आहे, रेडिओचं काहीतरी शिरलं असेल. दुःखात तिघांना एकच भास झाला असेल. मी सगळ्याला मान डोलावते. पण भास आपल्याला हवं ते ऐकवतो ना? आईला ऐकायचं होतं "राग न्हाई". मी तिला तेच सांगत होते. "राग व्हता, लय व्हता" हे कुणालाच ऐकायचं नव्हतं. ते मिरजेच्या स्टेशनवर बिरूनं मला एकटीला सांगितलं होतं.

मागच्या वर्षी आई गेली. झोपेतच गेली, मला काही बोलली नाही. कॅसेट माझ्याकडंच आहे. कधी आठवण आली तर लावते. आधी बिरूचं ऐकते, मग आईचं. ती "ठेवते आता" म्हणाली की लगेच बटण बंद करते. त्याच्यापुढं बरीच कोरी टेप शिल्लक आहे, ती मी कधी चालवून बघितलेली नाही. तिथं काही असेल याची मला भीती वाटत नाही. काहीच नसलं तर... ते ऐकायची माझी हिंमत होत नाही.